मोरचूदवाल्या बोर्डोच्या गावात

निफाडकडच्या माणसाला 'बोर्डो' म्हटलं की वाइन आठवत नाही, निळा ड्रम आठवतो. शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, किलोभर चुना. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र ओतायचं आणि विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. डावणी, म्हणजे द्राक्षाच्या पानांवरचा बुरशीरोग, त्यावरचं हे औषध मी चौथीत असल्यापासून ढवळत आलो. बोर्डो हे कुठल्या शहराचं नाव आहे, हे मला नाशिकला कॉलेजात गेल्यावर कळलं.

२०२४ च्या सप्टेंबरात अण्णांबरोबर त्या शहरात जायचा योग आला. अण्णा म्हणजे माझे चुलते. वय अडुसष्ट, चार एकर द्राक्षबाग, गळ्यात तुळशीची माळ. त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, फ्रान्समध्ये तुलूजला असते. तिला बाळ झालं म्हणून अण्णा निघाले आणि सोबतीला मी. पितृपक्षात कसला परदेश, असं घरातल्या बायकांनी म्हणून घेतलं. अण्णांची अट एकच होती: घटस्थापनेला घरी पाहिजे, कारण त्यानंतर गोडी छाटणी.

माझा हेतू वेगळा होता. दहा-पंधरा युरोंत चांगली फ्रेंच रेड वाइन कशी निवडायची आणि लेबलावरचं साल वाचून काय कळतं, एवढं शिकून यायचं होतं. आजवर मी विमानतळावर ज्या बाटलीवर सोनं जास्त, ती उचलत आलो होतो.

सोमवार, २३ सप्टेंबर: तुलूज ते बोर्डो

दाजींनी आठवड्याची रजा टाकली होती. ताई बाळामुळे घरीच राहणार होती. तिने थालीपिठं आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि आम्ही तिघे गाडीने निघालो. गारोन नदीच्या कडेकडेने अडीच तास. वाटेत बघण्यासारखं फारसं नाही.

बोर्डोत ग्रँड थिएटरसमोर तिथल्या वाइन उत्पादकांच्या संघाचा बार आहे. उंच छत, रंगीत काचा आणि एका ग्लासचा दर आपल्या खिशाला झेपेल असा. अण्णांनी संत्र्याचा रस घेतला. मला एकाच किमतीचे दोन ग्लास मिळाले, एक डाव्या तीराचा, एक उजव्या. बारवरच्या मुलीने कागदी रुमालावर नद्या काढून दाखवल्या. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येऊन जिरोंद होते. समुद्राकडे तोंड केलं की डावीकडे मेदोक, उजवीकडे सेंट एमिलियों. डावीकडे गोटे आणि वाळू, म्हणून काबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं. उजवीकडे चिकणमाती आणि चुनखडी, म्हणून मर्लो.

अण्णांनी मधेच विचारलं, "आधी कोणतं तयार होतं?"

मर्लो. काबर्ने दोनेक आठवडे मागे.

"मग शेवटी पाऊस आला तर एकाचा माल घरात अन् एकाचा झाडावर."

मुलगी हसली आणि म्हणाली, हेच पहिल्यांदा येणाऱ्यांना समजावायला तिला अर्धा तास लागतो. बोर्डोचं साल एकच नसतं. १९९६ डाव्या तीराचं साल मानतात, कारण काबर्ने उत्तम पिकलं. १९९८ उजव्या तीराचं, कारण मर्लो पावसाच्या आधी आत आलं होतं. तरी आपण इंटरनेटवरच्या तक्त्यात 'बोर्डो १९९८' समोर एक आकडा बघतो आणि गप्प बसतो.

मंगळवार, २४ सप्टेंबर: मेदोक

डी-२ नावाचा साधा दुपदरी रस्ता. दोन्ही बाजूंना राजवाडे आणि त्यांच्यापुढे बागा. अण्णांनी पहिल्याच बागेशी गाडी थांबवायला लावली. चिखलात उतरले, दोन ओळींत उभे राहिले आणि म्हणाले, "ही बाग आहे का तूर?"

खरंच वेल कमरेच्याही खाली होते. दोन वेलींत जेमतेम मीटरभर अंतर, दोन ओळींतही तितकंच. हेक्टरी दहा हजार वेली. आमच्याकडे मांडवाखाली माणूस सरळ उभा राहतो आणि त्याच जागेत त्याच्या चौथा हिस्साही वेली नसतात. घड मुठीएवढा, मणी करवंदाएवढा. एक्स्पोर्टच्या मालाला अठरा मिलिमीटरचा मणी लागतो. हा माल आमच्याकडे बेदाण्यालाही कुणी विचारणार नाही. अण्णांनी एक मणी फोडून साल बोटांवर चोळली. बोटं जांभळी झाली. "रस कमी, साल जास्त. रंग सालीत असतो, बरोबर?" बरोबर. रेड वाइनचा रंगही सालीतला आणि तुरटपणाही सालीबियांतला. मणी लहान तेवढी वाइन गडद.

मग ते खाली वाकून काहीतरी शोधत राहिले. ठिबकची नळी. ती नव्हती. पीक देणाऱ्या वेलींना पाणी द्यायला इथल्या नियमांत साधारणपणे परवानगीच नाही. फार कोरड्या वर्षी काही ठिकाणी तात्पुरती सूट मिळते, तेवढीच. दाजींनी हे सांगितल्यावर अण्णा सरळ उभे राहिले. "म्हणजे वरून पडेल तेवढंच? मग प्रत्येक वर्ष वेगळंच येणार की."

वाइनच्या सालाबद्दल मी जे काही वाचलं होतं, ते या एका वाक्यात बसलं. आपण ठिबक, संजीवकं, छाटणीची तारीख यांनी वर्ष वळवून घेतो. इथे एप्रिलात दव गोठलं, जूनमध्ये फुलोऱ्यावर पाऊस झाला, ऑगस्टात ऊन तापलं, सप्टेंबरात ढग आले, ते सगळं बाटलीत उतरतं. वर त्या बाटलीवर वर्षही छापतात. युरोपातल्या कायद्याने छापलेल्या वर्षाची द्राक्षं किमान ८५ टक्के तरी असावी लागतात.

सेंट ज्युलियेंमध्ये आम्ही मुद्दाम ड्युक्रू-बोकायूच्या बागेपाशी थांबलो. १८८२ च्या सुमारास बोर्डो विद्यापीठातले प्राध्यापक मियार्दे या भागातून जात होते. डावणीने सगळ्या बागा झोडपलेल्या, पण रस्त्याकडेच्या ओळींची पानं तेवढी हिरवी. चौकशी केली तर कळलं, येणारेजाणारे द्राक्षं तोडतात म्हणून त्या ओळींवर मोरचूद आणि चुना मारला होता, विषारी दिसावं म्हणून. १८८५ मध्ये मियार्दे यांनी ते मिश्रण जगापुढे मांडलं. मी हे अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग हात जोडले नाहीत, पण टोपी सारखी केली.

आणि त्याच ओळींत, पानामागे, पांढरी लव होती. "डावणी," अण्णा म्हणाले. २०२४ च्या वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला बोर्डोला सततचा पाऊस झाला होता आणि डावणीने माल खाल्ला होता. आम्ही गेलो तेव्हाही झिमझिम चालू होती आणि काबर्ने झाडावर होतं.

पुढे पोयाक. इथे लाफीत, लातूर, मूतों. हो, लातूर. अण्णांनी पाटी दोनदा वाचली. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून बोर्डोच्या दलालांनी बाजारभाव बघून वाड्यांची, म्हणजे आपापली बाग असलेल्या शातोंची, पाच वर्गांत उतरंड लावली. आज त्या यादीत ६१ रेड वाइनवाले वाडे आहेत. तिच्यात मोठा बदल एकदाच झाला: १९७३ मध्ये मूतों दुसऱ्या वर्गातून पहिल्यात गेला. दर्जा जमिनीला नाही, वाड्याच्या नावाला आहे. शेजारची जमीन घेऊन वाड्यात घातली की तिचंही पीक त्या दर्जाचं होतं. सातबारा बदलतो, पाटी बदलत नाही. पहिल्या वर्गातल्या बाटलीला चारपाचशे युरो सहज पडतात आणि युरो तेव्हा नव्वदीच्या वर होता. तेव्हा या रांगेला नमस्कार करून पुढे निघालो.

माझ्या कामाची गावं रस्त्यापासून आत होती: लिस्त्राक, मूलिस आणि पोयाकच्या मागचा ओ-मेदोकचा पट्टा. इथे 'क्रू बुर्ज्वा' असं लिहिलेल्या बाटल्या मिळतात. १८५५ च्या यादीबाहेरच्या वाड्यांचं हे वर्गीकरण आहे आणि ते दर पाच वर्षांनी, वाइन चाखून, नव्याने होतं. बारा ते अठरा युरोंत तेच काबर्ने, तीच नदी. मूलिसमधल्या एका तळघरात मी २०१९ घेतली. ही वाइन २०२० च्या टाळेबंदीत विक्रीला आली होती, म्हणून तेव्हा बऱ्याच मोठ्या वाड्यांनीही भाव खाली आणले. साल उत्तम आणि भाव पडलेला, असं क्वचित जुळतं. दुकानात २०१९ दिसली की मी आता हात पुढे करतो.

तळघरात सगळे चाखून बादलीत थुंकत होते. अण्णांना ते पटेना. "एवढं महागाचं थुंकून टाकायचं? मग काढायचं कशाला?"

बुधवार, २५ सप्टेंबर: उजवा तीर

सेंट एमिलियों सुंदर आहे. युनेस्कोच्या यादीत आहे आणि त्याची किंमत तुमच्याकडून प्रत्येक गल्लीत वसूल केली जाते. एक गोष्ट तेवढी लक्षात ठेवण्यासारखी: लेबलावर नुसतं 'सेंट एमिलियों ग्रां क्रू' असेल तर हुरळून जाऊ नये. ते शेकडो बाटल्यांवर असतं. वर्गवारीतला दर्जा 'ग्रां क्रू क्लासे' असा लिहितात. त्या वर्गवारीवरून इतकी वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या, की शेव्हाल ब्लाँ आणि ओझोन यांच्यासारखे सर्वांत वरचे वाडेही २०२२ च्या यादीतून स्वतःहून बाहेर पडले.

तिथून पूर्वेला पंधरा मिनिटांवर कास्तियों. १४५३ मध्ये इंग्रज इथे हरले आणि शंभर वर्षांचं युद्ध संपलं. आज गाव शांत आहे. जमीन मात्र सेंट एमिलियोंचीच. चुनखडीचं तेच पठार पुढे सरकत येतं, मधे फक्त हद्दीचा दगड. बाटलीचा दर निम्म्याहून खाली. फ्रान्समध्ये स्वस्त आणि चांगलं शोधायची माझ्यापुरती ही एकच युक्ती: मोठ्या नावाचा शेजारी कोण, ते बघायचं. पोमरोल परवडत नसेल तर लालांद-द-पोमरोल किंवा फ्रोन्साक. दक्षिणेला शातोनफ-द्यु-पापऐवजी केरान किंवा लिराक.

ज्या बाईंकडे आम्ही गेलो, त्या पन्नाशीच्या होत्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हात मोरचुदाने निळसर. तो रंग बघून अण्णा एकदम मोकळे झाले. दाजींना मधे बसवून त्यांनी थेट विचारलं, यंदा फवारण्या किती झाल्या? बाई म्हणाल्या, वीस. अण्णांनी आपला आकडा सांगितला. दोघांनी एकसारखी मान हलवली.

मग त्यांनी एकाच बागेच्या तीन बाटल्या उघडल्या: २०२०, २०२१, २०२२. मर्लोच जास्त, थोडं काबर्ने फ्राँ. किंमत तिन्हींची एकच, बारा युरो. मी तीन ग्लास ओळीने मांडले आणि अण्णांना म्हटलं, वास तर घ्या. माळ आहे म्हणून नाक कुणी बंद केलेलं नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि घेतला.

२०२२ चा ग्लास कडेपर्यंत काळाजांभळा. लेबलावर अल्कोहोल १४.५ टक्के. त्या उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटा आल्या, बोर्डोच्या दक्षिणेला जंगलं पेटली, पाऊस नव्हता आणि मणी लहान राहिला. वासाला शिजवलेलं जांभूळ, मनुका, थोडं चॉकलेट. घोट घेतला की तोंड भरतं आणि मग हिरड्या धरल्या जातात, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं तसं. चांगली आहे, पण अजून हाताची घडी घालून बसलेली. "हिला पाच वर्षं द्या," बाई म्हणाल्या.

२०२१ चा ग्लास माणकासारखा, मागे ठेवलेली बोटं दिसतील इतका पातळ. १२.५ टक्के. त्या वर्षी ७ आणि ८ एप्रिलला फ्रान्सभर दव गोठलं. बाईंनी रात्रभर बागेत मेणाचे डबे पेटवले होते. हे ऐकून अण्णा म्हणाले, आम्ही शेकोट्या पेटवतो. निफाडला पारा चार-पाचवर आला की बागेबागेत धूर असतो. पुढे गार उन्हाळा आणि पुन्हा डावणी. सगळे तक्ते २०२१ ला कमी गुण देतात. पण त्या ग्लासात ताजं करवंद होतं, ओल्या पाल्याचा वास होता, जिभेवर हलकी आंबट धार होती आणि तुरटपणा जवळजवळ निवलेला. आत्ता, या क्षणी, जेवणाबरोबर प्यायला तिघींत तीच सरस होती.

२०२० दोन्हींच्या मधली. तिच्याबद्दल तक्रार नाही, म्हणून फार लिहिण्यासारखंही नाही.

अण्णांनी २०२१ चा ग्लास परत नाकाशी नेला. "हा ज्याचा आहे त्यानं माल टाकून दिलेला दिसतो."

दाजींनी भाषांतर केलं तेव्हा बाईंनी भुवया उंचावल्या. होय, म्हणाल्या. न पिकलेले घड हाताने काढून जमिनीवर टाकले, जवळजवळ तिसरा हिस्सा. शेजाऱ्याने सगळाच माल यंत्राने काढला. त्याची २०२१ कशी आहे, हे त्या बोलल्या नाहीत.

मला जे हवं होतं ते त्या टेबलावर मिळालं. लहान शेतकरी साल बघून भाव बदलत नाही, मोठे वाडे बदलतात. म्हणून गाजलेल्या सालात लहानांकडून घ्यावं: २०१५, २०१६, २०१८, २०१९, २०२०, २०२२. तेव्हा सगळ्यांचंच पीक चांगलं आलेलं असतं आणि आपण नावाचे पैसे देत नाही. पडत्या सालात, म्हणजे २०१३, २०१७, २०२१, नुसत्या गावाच्या नावावर जाऊ नये. ज्याने माल निवडला आणि टाकून दिला, त्याचीच बाटली घ्यावी. आणि आज रात्री उघडायची असेल तर पडतं साल वाईट नसतं. ते लवकर तयार होतं. हॉटेलात लोक २०२२ मागवतात, हिरड्या आवळून घेतात आणि वर जास्त पैसे मोजतात.

आमच्यासारख्यांना हे जास्तच लागू आहे. नाशिकच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात चाळीस अंश असतात. पंधरा वर्षं मुरायची बाटली आपण कुठे मुरवणार? गोदरेजच्या कपाटात?

परतताना दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यातून आलो. इथे ओळीच्या ओळी उपटलेल्या. खोडांचे ढीग, काही जळत होते. बोर्डोत वाइन जास्त आणि पिणारे कमी झाले, म्हणून २०२३ पासून सरकार आणि उत्पादक संघ बागा काढायला हेक्टरी ६,००० युरो देत होते. सुमारे साडेनऊ हजार हेक्टरची योजना. दहा युरोंना इतकी चांगली बाटली मिळते, त्यामागे हेही कारण आहे. अण्णांनी गाडीची काच खाली केली. गावी द्राक्षं तोडून तिथे मका घातलेल्या तीन बागा मला माहीत आहेत, त्यातली एक त्यांच्या साडूची. हॉटेल येईपर्यंत ते बोलले नाहीत.

गुरुवार, २६ सप्टेंबर: पाऊस

दिवसभर पाऊस. दाजी झोपले, अण्णांनी हरिपाठ केला. मी एका मोठ्या सुपरमार्केटात गेलो. सप्टेंबरात फ्रान्सभर सुपरमार्केटांत वाइनचे मेळे लागतात, लाकडी खोक्यांची रास असते आणि लोक ट्रॉल्या भरून नेतात.

एवढं शिकूनही मी घसरलो. साडेचार युरोंची बाटली, सोनेरी वाडा, सोनेरी पदक, 'ग्रां व्हँ द बोर्डो' आणि 'व्हिये व्हीन्य', म्हणजे जुन्या वेली. रात्री थालीपिठाबरोबर उघडली. आमसुलाच्या पाण्यात शाई.

दाजींनी उठून लेबलाचं शवविच्छेदन केलं. 'ग्रां व्हँ द बोर्डो'ला कायद्यात काही अर्थ नाही. 'जुन्या वेली' म्हणजे किती जुन्या, हे कुठे ठरलेलं नाही. चित्रातला वाडा बहुधा पत्र्याची शेड. पदकाचं म्हणाल तर एका स्पर्धेत उतरलेल्या वाइनपैकी तिसऱ्या हिश्शापर्यंत पदकं देता येतात. आमच्या शाळेत लिंबूचमचाला याहून कमी बक्षिसं होती. मग त्यांनी मूलिसची आणि कास्तियोंची बाटली शेजारी ठेवली आणि बुचावरची टोपी दाखवली. वर छोटा गोल शिक्का, त्यात फ्रेंच प्रजासत्ताकाची मारियान आणि शेजारी एक अक्षर. आर असेल तर द्राक्षं पिकवणाऱ्यानेच वाइन केली. एन असेल तर व्यापाऱ्याने. माझ्या साडेचार युरोवालीवर एन होतं. व्यापारी सगळे वाईट नसतात आणि हा शिक्का आता सक्तीचाही नाही, पण असला तर बाटली न उघडता कळणारी ही एक खरी गोष्ट. लेबलावर 'मी आँ बुतेय ओ शातो' असेल, म्हणजे वाड्यावरच भरली असेल, तर तेही बरं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर: काओर

परतीची वाट बेर्जराकवरून लांबची घेतली, कारण दाजींना काओर दाखवायचं होतं. लोत नदीने गावाला तिन्ही बाजूंनी वळसा घातलाय आणि तिच्यावर चौदाव्या शतकातला तीन बुरुजांचा व्हालाँत्रे पूल. गोष्ट अशी: पूल होईना म्हणून गवंड्याने सैतानाशी करार केला, माझी सगळी कामं कर, आत्मा तुझा. शेवटी त्याने सैतानाला चाळणीतून पाणी आणायला सांगितलं. चिडलेला सैतान रोज मधल्या बुरुजाचा एक दगड काढायचा. १८७९ च्या दुरुस्तीत वास्तुविशारदाने त्या जागी छोटा दगडी सैतानच बसवून टाकला. अण्णांनी तो शोधून काढेपर्यंत हलायचं नाही असं ठरवलं. मान दुखून आली, पण सापडला.

इथली वाइन मालबेक द्राक्षाची, किमान सत्तर टक्के. हल्ली मालबेक म्हटलं की लोकांना अर्जेंटिना आठवतो, पण घर हे. १९५६ च्या फेब्रुवारीतल्या थंडीने इथल्या वेली मुळापासून मारल्या. पुन्हा लावल्या, तेव्हा १९७१ मध्ये एओसी, म्हणजे गावाच्या नावाला सरकारी मान्यता, मिळाली. शाईसारखी गडद, जांभूळ, काळी मिरी, लोखंडाचा वास. नऊ युरोंत जी २०२० मिळाली ती मटणाच्या काळ्या रश्शाबरोबर चालेल, असं मी म्हणालो आणि अण्णांकडे बघून गप्प झालो.

सरळ रेषेत मोजलं तर बोर्डोपासून दीड-पावणेदोनशे किलोमीटर आत आलात की नाव उतरतं आणि दर अर्धा होतो. शतकानुशतकं बोर्डोच्या व्यापाऱ्यांनी आपली वाइन आधी जहाजावर चढवली आणि आतल्या भागाचा माल बंदरात अडवून ठेवला. त्याची सावली दरावर अजून आहे, असं मला वाटतं.

शनिवार, २८ सप्टेंबर: मिनेर्व्हा

तुलूजहून पूर्वेला दीड-पावणेदोन तास. आकाश निळं, वारा इतका की अण्णांची टोपी दोनदा उडाली. हाच वारा इथलं औषध. पान सुकवतो, डावणी येऊ देत नाही. खडक, थाईमची झुडपं आणि त्यात कारिन्याँ, ग्रनाश, सिरा या वेली. ऊन इथे दरवर्षी असतंच. त्यामुळे लांगदोकच्या, म्हणजे दक्षिणेतल्या या सगळ्या पट्ट्याच्या, वाइनचं साल बघायची फारशी गरज नाही. कोरड्या वर्षी माल कमी निघतो, चव फार हलत नाही. साल बघायचंच तर ताजेपणासाठी: आठदहा युरोंची मिनेर्व्हा किंवा कोर्बिएर तीनचार वर्षांच्या आतली घ्यावी. जसजसं उत्तरेला जाल, बोर्डो, बर्गंडी, ल्वार, तसतसा सालाचा आकडा महत्त्वाचा होतो.

अण्णांना सगळ्यांत आवडलं ते गावच्या सहकारी वाइन संस्थेचं गोदाम. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येतात, वजनकाट्यावर माल, साखर मोजली जाते, त्यावर भाव. "कारखानाच आहे," ते म्हणाले. "चेअरमन कोण?" आत पेट्रोल पंपासारखी नळी होती आणि एक म्हातारा पाच लिटरच्या कॅनमध्ये रेड वाइन भरून घेत होता. लिटरला जेमतेम दोनेक युरो. त्याने कॅनचं झाकण लावलं, अण्णांच्या माळेकडे बघितलं, स्वतःच्या गळ्यातला क्रूस वर करून दाखवला आणि निघून गेला.

रविवार, २९ सप्टेंबर: बॅगा

भारतात माणशी दोन लिटर दारू करमुक्त आणता येते. म्हणजे दोन बाटल्या. अण्णांच्या वाट्याचे दोन लिटर मी मागून बघितले. त्यांनी उत्तरही दिलं नाही.

पलंगावर पाच बाटल्या मांडल्या: मूलिस २०१९, कास्तियों २०२१ आणि २०२२, काओर २०२०, मिनेर्व्हा २०२२. ताई बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. तिच्या इमारतीखाली तळघर आहे, प्रत्येक घराला कुलपाची एक खोली, वर्षभर चौदा-पंधरा अंश. कास्तियों २०२२ आणि मूलिस तिला दिल्या, पाच वर्षं हात लावायचा नाही या बोलीवर. काओर त्याच रात्री दाजींनी आणि मी संपवली. कास्तियों २०२१ आणि मिनेर्व्हा मोज्यांत गुंडाळून माझ्या बॅगेत गेल्या. दोन्ही मिळून वीस युरो. नाशिकला फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवायच्या आणि दिवाळीच्या आत प्यायच्या.

अण्णांची खरेदी काओरच्या शेतीच्या दुकानातली होती, मला नकळत केलेली. छाटणीची कात्री, बेचाळीस युरोंची, लाल मुठीची. हातातल्या पिशवीत ठेवतो म्हणाले. विमानात चालणार नाही हे समजावायला ताईला, दाजींना आणि मला तिघांनाही लागावं लागलं.

घट बसले, उठले. छाटणी चौदा ऑक्टोबरला सुरू झाली. कात्री लोण्यासारखी चालते. मजुरांपैकी कुणाच्या हातात अण्णा ती देत नाहीत आणि मी मागितली तेव्हा म्हणाले, तू बाटल्या सांभाळ.